डावीकडे कलणारं विमान

विमान डावीकडे कलतंय हे सौमित्रच्या लक्षात आलं तेव्हा रविवारची सकाळ होती, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊन गेली होती आणि तो समुद्राच्या बराच वर होता. समुद्र अर्थातच टेबलावरच्या पडद्यातला. अमरावतीला साईनगरातल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली, जिला त्याची बायको देवश्री ‘यांचा विमानतळ’ म्हणायची, तिथं तो खुर्चीत बसला होता. डाव्या हाताखाली इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, उजव्या मुठीत जॉयस्टिक, कानांवर हेडफोन. पुढे नागपूरच्या दंतवैद्याचं विमान होतं. दंतवैद्य हा त्यांच्या टोळीचा म्होरक्या. दर रविवारी नागपूर, जळगाव, इंदूर अशा कुठकुठले काही मध्यमवयीन पुरुष आपापल्या खोल्यांची दारं लावून घेत आणि आजोबांच्या काळात संपलेलं महायुद्ध पुन्हा लढत. दंतवैद्याच्या उजव्या पंखाशी राहायचं, एवढंच सौमित्रचं काम. स्टिक त्यानं सैल सोडली होती, कारण सरळ उडणाऱ्या विमानाला धरून ठेवायचं नसतं हे इतक्या वर्षांत त्याला कळलं होतं. आणि विमान हळूच, झोपेत कुणी कुशीवर वळावं तसं, डावीकडे झुकलं. त्यानं सावरलं. पुन्हा झुकलं. या खेपेला नाकही खाली गेलं. त्यानं घाईनं ओढलं, जरा जास्तच ओढलं, आणि त्याचा पंख दंतवैद्याच्या शेपटात घुसला. कानात आधी नुसती खरखर आली. मग दंतवैद्य शांतपणे म्हणाला, “सर, शत्रू तिकडे होता. मी तुमच्या बाजूचा.”

“विमानातच काहीतरी गडबड आहे,” सौमित्र म्हणाला. जळगावचा कुणीतरी हसला. “विमानात नाही सर, सरांत असेल.” त्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटला. कान गरम झाले होते. ज्युनिअर कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला अशा गोष्टीची शरम वाटावी याचीही शरम वाटत होती. पडद्यावर त्याचं विमान अजून जळत खाली चाललं होतं. मागे बघितलं तर दारात आई उभी. साडीवर बाबांचा राखाडी स्वेटर, हातात वाटी, आणि चेहरा असा, की जणू पोरगं झाडावरून पडलेलं पाहिलंय. “पडला का रे?” तिनं विचारलं. “आई, खेळ आहे तो.” “लागलं तं नाही नं?” “खेळात कसं लागेल?” तिनं पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते ठरवत असल्यासारखी जरा वेळ थांबून ती आत गेली. वाटीत काय होतं ते त्यानं बघितलं नाही.

बाबा गेल्यावर, गेल्याच्या गेल्या वर्षी, तो तिला अकोल्याहून घेऊन आला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे विमानाचं घट्ट बसलं होतं. बेलोऱ्याहून खरी विमानं उडायला लागली तेव्हा सगळी अमरावती गच्चीवर चढली, तशी आईही चढली; पण गावाची हौस फिटली तरी तिची फिटली नाही. आवाज आला की ती हातातलं टाकून गॅलरीत जायची आणि संध्याकाळी तो कॉलेजातून आला की विचारायची, “सकाळी तूच गेला होता नं वरून?” तो म्हणायचा, “हो, तुला हात केला होता.” सगळे हसायचे. देवश्रीनं ही गंमत माहेरी सांगितली, त्यानं स्टाफरूममध्ये सांगितली. गंमत म्हणून ती खरोखरच चांगली होती. आईही हसायची; फक्त ती कशाला हसते आहे हे कुणी तिला विचारलं नव्हतं. आणि आता पुढच्या रविवारी तिला अकोल्याला नेऊन सोडायचं होतं. कायमचं. ती स्वतःच मागे लागली होती: “मले माझ्या घरी नेऊन सोड. बंद घराले वाळवी लागते.” आधी त्यांनी नाही म्हटलं, मग थंडी जाऊ दे, दिवाळी होऊ दे असं चाललं, आणि मग कोणत्याशा संध्याकाळी दोघांपैकी कुणीतरी ‘संक्रांतीनंतर बघू’ म्हटलं आणि ते ठरूनच गेलं. ठरल्यापासून घरातली हवा हलकी झाली होती. देवश्री भाजी फोडणीला टाकताना गुणगुणत होती. ते गुणगुणणं आपल्याला गोड लागतंय हे सौमित्रला कळत होतं, आणि ते कळणं त्याला अजिबात आवडत नव्हतं. जठारपेठेतलं घर झाडून घेतलं, सिलेंडर भरून ठेवला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना सांगितलं. “एकटी राहील ना गं?” त्यानं एकदा विचारलं होतं. “त्याच म्हणताहेत ना,” देवश्री म्हणाली होती. दोघांची चर्चा ती एवढीच.

सोमवारी संध्याकाळी त्यानं विमान तपासायला घेतलं. बिघाड शोधायची रीत त्याला बाबांकडून मिळाली होती. बाबा, म्हणजे वसंतराव, अकोल्याच्या आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकणाऱ्या पोरांचे निदेशक होते, आणि घरातला पंखा असो, सायकल असो की सौमित्रचं गणित असो, त्यांचं एकच म्हणणं असायचं: “एका टायमाले एकच गोष्ट बदलव. दोन बदलवल्या का तुले काहीच समजणार नाही.” तेव्हा या वाक्याचा त्याला उबग यायचा. आता तेच वाक्य तो वर्गात स्वतःचं म्हणून खपवायचा. तर पहिला संशय पंख्यावर. पुढे एकच मोठा पंखा असलेलं विमान डावीकडे ओढतंच. पंखा एकीकडे फिरतो, अंग दुसरीकडे वळू बघतं, आणि पायानं किंवा स्टिकनं ते सांभाळत राहावं लागतं. हे त्याला माहीत होतं, त्याच्या बोटांनाही माहीत होतं. तरी खात्री म्हणून त्यानं ते विमान ठेवून दिलं आणि पंखाच नसलेलं जेट घेतलं. तेही डावीकडे कललं. म्हणजे पंखा नव्हे. मंगळवारी वजन. एका पंखाखालचा बॉम्ब सुटला आणि दुसऱ्याखालचा अडकला तर विमान जड बाजूला झुकतं. त्यानं दोन्ही पंख मोकळे केले, टाक्यांतलं तेल सारखं केलं. कललं. बुधवारी वारा. खेळातलं हवामान त्यानं पूर्ण बंद केलं, आभाळ असं की पान हलणार नाही. त्या मेलेल्या आभाळातही विमान निवांतपणे डाव्या कुशीवर वळलं आणि नाक खाली घालून समुद्राकडे निघालं. सौमित्र स्टिकवरचा हात काढून नुसता बघत राहिला. आपण काही करत नाही आहोत आणि तरी हे चाललंय. आपला हात बाजूला आहे, तरी कुणीतरी दुसरा हात धरून वळवतंय. पंचवीस वर्षांपूर्वी हवाई दलाच्या निवड केंद्रावरून परतताना, गाडीच्या खिडकीशी बसून, त्याला असंच वाटलं होतं. काय चुकलं ते कुणी सांगितलं नव्हतं, नुसता परत जाणाऱ्यांत त्याच्या छातीवरचा नंबर होता. बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. त्यांनी बॅग उचलली आणि म्हणाले, “चाल, आईनं पिठलं केलं.” विमानाचा विषय त्या घरात नंतर निघाला नाही. आईनं तो एवढ्या वर्षांनी काढला, तोही असा, तो रोज वरून जातो असं समजून.

“अहो, चाकू पुन्हा जागेवर नाही,” देवश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. चाकू हल्ली सारखा हरवायचा. विळी हरवायची, कात्री हरवायची. “बघ ना तिथंच असेल,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. थोड्या वेळानं कांदा चिरल्याचा आवाज आला, म्हणजे सापडला होता. कुठं, ते त्यानं विचारलं नाही. एका वेळी एकच गोष्ट. गुरुवारी त्यानं सेटिंग उघडली. कधीकधी दोन यंत्रं एकाच कामाला जुंपलेली असतात; इंजिनाच्या दांड्यावरचं एखादं चाक खेळानं आपल्या मनानं पंखांना जोडून टाकलेलं असतं, आणि स्टिक एक सांगते तेव्हा चाक भलतंच सांगत असतं. त्यानं एकेक जोडणी तोडून पाहिली. नव्हतं. मग त्यानं सगळे करतात तेच केलं, डेड झोन वाढवला. म्हणजे स्टिकच्या हालचालीचा मधला थोडा भाग मुका करून टाकायचा. स्टिक तेवढ्यात काहीही पुटपुटली तरी विमानानं ऐकायचं नाही. जादू झाली, विमान सरळ झालं. तो खूश होऊन चहा प्यायला आणि परत येऊन बघतो तर विमान पुन्हा कलायला लागलेलं. त्यानं मुका भाग आणखी वाढवला. पुन्हा सरळ. शुक्रवारी पुन्हा डावीकडे. असं करत तो भाग इतका वाढला की मूठ चांगली वळवली तरी विमानाला पत्ता नसायचा आणि नंतर एकदम ते अंगावर आल्यासारखं उलटायचं. हे काही बरोबर नाही हे त्याला पहिल्या दिवशीच माहीत होतं. बाबा असते तर म्हणाले असते, तू बिघाड काढून नाही राहिला, झाकून राहिला.

त्याच शुक्रवारी आई पुन्हा दारात आली होती. “आज नको उडवू रे,” ती म्हणाली. “काहून?” तो तिच्याच बोलीत म्हणाला, चिडला की त्याची अकोल्याची बोली वर यायची. “आज हात लावू नये.” “आई, प्लीज. मी त्रासलोय आधीच.” ती गेली. तिच्या पाठीवर बाबांच्या स्वेटरचा एक धागा उसवून लोंबत होता आणि तो तिच्या मागे मागे हलत गेला. आपण दार लावून घ्यायला हवं होतं असं त्याच्या मनात आलं. दोनच दिवस तर राहिलेत, असंही आलं. मग त्यानं खेळातली ती खिडकी उघडली जिच्यात स्टिक काय सांगते आहे ते नुसतं दिसतं: एक फुली, आणि फुलीवर एक लाल ठिपका. हात काढला की ठिपका फुलीच्या मधोमध येऊन थांबायला हवा. तो येत नव्हता. तो डावीकडे, जरा खालच्या अंगाला येऊन टेकत होता, आणि टेकल्यावरही कापत होता, थंडीत ओठ कापतात तसा. म्हणजे विमान निर्दोष होतं. वारा, वजन, पंखा, सगळे सुटले. दोष स्टिकमध्येच होता. सौमित्रला हायसं वाटलं. वस्तूत बिघाड असला की बरं असतं, वस्तू उघडता येते.

शनिवारी दुपारी कॉलेजातून आल्यावर त्यानं टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि स्टिक उलटी केली. बाबांची हत्यारं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकली होती, एवढा एक लाकडी मुठीचा पेचकस त्यानं ठेवून घेतला होता. स्क्रू सहज निघाले. खालची पाटी उचलली आणि आधी वास आला. तूप, कापूर, आणि ओलसर हळदीचा. सौमित्रला क्षणभर आपण कुठं आहोत ते कळेना. आत, जिथं स्प्रिंग आणि दोन बारीक चकत्या असायला हव्या होत्या, तिथं लाल-पिवळा चिखल बसला होता. चकत्या माखलेल्या. स्प्रिंगच्या डाव्या बुडाशी तांदळाचे दाणे चेपून घट्ट झालेले, कुंकवानं रंगलेले. झेंडूची एक पाकळी, काळी पडलेली. मुठीखालचं रबर फाटलेलं होतं, तिथून हे सगळं खाली उतरलं असणार. त्याला हसू आलं. खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईनं स्टिकची पूजा केली होती. अकोल्याला असताना त्या दिवशी बाबा पुढच्या खोलीत पांढरा पंचा अंथरून त्याच्यावर नटबोल्टचे पाने, कानस, मायक्रोमीटर मांडायचे, आई चाकू, विळी, कात्री, सुया आणून ठेवायची आणि छोटा सौमित्र कंपासपेटीतलं कर्कटक. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू, निरांजन. पूजेला लागलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही; भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. दसरा झाला की बाबा रॉकेलमध्ये चिंधी बुडवून मायक्रोमीटर पुसत बसायचे आणि आईला ऐकू जाईल असं बोलायचे: “पूजा कर, पण स्क्रूच्या आट्यात कुकू नको भरत जाऊ.” या दसऱ्याला तिला घरात दुसरं यंत्र सापडलं नाही म्हणून तिनं पोराचं विमान पुजलं. सौमित्रनं त्याचा फोटो टोळीला पाठवला होता, दंतवैद्यानं त्यावर सलाम ठोकला होता, आणि मग सौमित्रनं ओल्या फडक्यानं स्टिक पुसून टाकली होती. तेच हे. तो हसत हसतच पेचकसाच्या टोकानं गाळ खरवडायला लागला. वरचा थर ओला होता.

तो थांबला. खाली सुकलेलं, खपल्यांसारखं. त्याच्यावर जरा कमी सुकलेलं. त्याच्यावर ओलं. बोटाला लागलं ते ताजं कुंकू होतं, नाकाशी नेलं तर तुपाचा वास कालचा नव्हता, आजचा होता. दसरा होऊन दिवाळी झाली होती, दिवाळी होऊन संक्रांत झाली होती. खिडकीबाहेर माघातलं ऊन होतं आणि खालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. तेवढ्यात रुख्मिणी फरशी पुसायला आली. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्याकडे झाडूपोछ्याला होती. तिनं टेबलाकडे बघितलं आणि चुकचुकली. “अंदर गेलं का जी सारं? मी तं रोज पुसतो वरून.”

“रोज?”

“आजीबाई रोजच वाह्यते नं हळद-कुकू त्याले. तुमी कॉलेजात गेले का. फूल ठेवते, दिवा ओवाळते. मंग मी ओलं फडकं मारतो.” ती बादलीशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. “मले वाटलं तुमच्या घरचा रिवाज आहे काई. मंग आजीबाई म्हणे, रुख्मिणी, आज खंडेनवमी आहे, फडा धुवून ठेव, आज झाडू नको. मी म्हटलं, आजी, कालई तेच म्हणे तुमी. तं माह्याकडे अशी पाह्यत राह्यली.” तिनं आवाज खाली आणला. “बाईले सांगतलं होतं नं मी.”

बाई दारातच होती. देवश्री बाजारातून आली होती, हातात मेथीची पिशवी तशीच. रुख्मिणी बादली घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. सौमित्रनं काही विचारायच्या आधीच देवश्री म्हणाली, “रोज सकाळी सुऱ्या मी देवघरातून काढून आणते. कुंकू पुसते आणि भाजी चिरते. मला माहीत नसेल कसं?”

“मला बोलली नाहीस.”

“बोलले होते. दिवाळीत. तुम्ही म्हणालात, वय झालं की होतं असं.” ती भांडत नव्हती. थकलेली होती, आणि थकलेलं माणूस फार खरं बोलतं. सौमित्रला ते आठवलं. हेडफोन एका कानावरून सरकवून त्यानं तिचं ऐकलं होतं, आणि दुसऱ्या कानात जळगाववाला उजवीकडून शत्रू येतोय म्हणून ओरडत होता. वय झालं की होतं. हे वाक्य त्यानं किती वेळा वापरलं होतं! आईकडून भाजीत मीठ दोनदा पडलं तेव्हा. ती जिन्यात बसून राहिली तेव्हा. गॅस तसाच फुसफुसत होता तेव्हा. दर वेळी मुका भाग थोडा वाढवायचा आणि घर पुन्हा सरळ उडायला लागायचं.

“डॉक्टरला दाखवू या,” तो म्हणाला.

“दाखवू या की.” देवश्रीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मग अकोल्याचं रद्द करायचं? करायचं असेल तर आत्ता सांगा. सिलेंडरवाल्याला, भाडेकरूंना मी फोन करते, दूध वाढवून सांगते. मी नाही म्हणणार नाही. पण सांगा. मी एकटीनं ठरवणार नाही.” ती खरंच थांबली. दारात, मेथीची पिशवी घेऊन, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि त्याला कळत होतं की आपण आत्ता ‘हो’ म्हटलं तर ती खरंच फोन करेल. त्याला कळत होतं की ‘हो’ म्हणणं अवघड नाही. एक अक्षर. त्या एका अक्षराच्या मागे येणारी सगळी वर्षं उभी होती, आईचं आंघोळ विसरणं, रात्री दार उघडून जाणं, त्यांना दोघांना ओळखेनासं होणं, ही मागची खोली तिच्या खाटेनं भरणं. त्याला आईचा कंटाळा आला होता. असं सरळ मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली, पण कंटाळा काही गेला नाही. त्यानं खाली स्टिककडे बघितलं. “आधी हे साफ करतो,” तो म्हणाला. देवश्री आत गेली, आणि मेथी निवडायला बसली. फोन केल्याचा आवाज आला नाही.

त्यानं फार मन लावून साफ केलं. जुना टूथब्रश, स्पिरिट, कापसाचे बोळे. अक्षता टाचणीनं एकेक काढल्या. गाळ वर्तमानपत्रावर पडत गेला. गुंडाळी करून त्यानं कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबली, वर दुसरा कचरा टाकला. स्क्रू बसवले, डेड झोन पुन्हा शून्यावर आणला आणि ठिपका बघितला. मधोमध. स्थिर. मग तो उडाला. समुद्राच्या वर नेऊन त्यानं दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. विमान सरळ गेलं. आभाळ सरकत राहिलं, क्षितिजाची रेघ जराही तिरपी झाली नाही, आणि सौमित्रला आनंद झाला, निखळ, लहान पोराला होतो तसा, आणि तो आपल्याला आत्ता होऊ शकतो याची त्याला भीती वाटली. “आज नको उडवू म्हटलं नं तुले,” मागून आई म्हणाली. ती केव्हा आली होती कोण जाणे. त्यानं खुर्ची वळवली. “आज काय आहे आई?” मठ्ठ पोराकडे मास्तरीण बघते तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. “खंडेनवमी नाही का?” “आणि याची पूजा कशाला करतेस तू?” ती पडद्याकडे बघत होती. विमान अजून एकटंच, सरळ चाललं होतं, आत कुणी धरलेलं नव्हतं. “पडू नये म्हणून,” ती म्हणाली. “सारखा पडते तू.”

रविवारी सकाळी तो तिला घेऊन निघाला. देवश्री आली नाही. तिनं आईच्या पाया पडून तिला मिठी मारली, आणि ती रडली तेव्हा ते खोटं नव्हतं. “मला तिथं बघवणार नाही,” ती त्याला म्हणाली. गाडीत आई पुढे बसली, मांडीवर डबा, डोक्याला रुमाल. बडनेरा गेलं, लोणी गेलं. रस्त्याच्या कडेला हरभरा घाट्यांवर आला होता, तूर कापायला झाली होती. सौमित्र तिला प्रश्न विचारत होता. मूर्तिजापूरच्या आत्याच्या नवऱ्याचं नाव? तिनं सांगितलं. आत्याच्या घरामागे काय होतं? रेल्वेचं फाटक. पूर्णेच्या पुलावर आपली बस बंद पडली होती ते आठवतं? “तू उलटी केली होती,” आई म्हणाली, “बाबाच्या धोतरावर.” बाबा कधी धोतर नेसत नव्हते. आजोबा नेसायचे. पण बाकी सगळं बरोबर होतं, आणि पास करायचंच ठरवलेल्या मास्तरासारखा सौमित्र मनातल्या मनात मार्क देत गेला. बघ, सगळं आठवतंय. बघ, उगाच घाबरलास. जठारपेठेत गल्लीत गाडी वळली तेव्हा आईनं दुरूनच घर ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली आले, म्हणाले, “काळजी नका करू सर, आम्ही आहोत.” ते भले होते. ते दोघं सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी येणार होते. सौमित्रनं आईला गॅस बंद कसा करायचा ते दाखवलं. “मले नको शिकवू,” ती म्हणाली. “तुह्या जन्माच्या आधीपासून पेटवून राहिली मी चूल.” तिथंच, ओट्याशी, त्याला सांगावंसं वाटलं की आई, चल परत. शब्द जिभेवर आले होते. त्यानं कपाटातल्या डब्यांवर नावं आहेत का ते पाहिलं, नळ सोडून बघितला, दिव्याची बटणं दाबून बघितली. एका वेळी एक. सगळं चालू होतं.

निघायला म्हणून तो बाहेर आला तर गाडीचं दार उघडं होतं आणि आई आत वाकलेली. स्टिअरिंगच्या मधोमध हळद-कुंकवाचं बोट होतं, गोल चाकावर आणखी, समोर अक्षता, आणि अंगणातल्या कोरांटीचं एक फूल. “आज जाऊ नको,” ती वळून म्हणाली. “आज गाडीले हात लावू नये. पूजा झाली. उद्या सकाळी जाजो.” गल्लीत कुणी नव्हतं. सौमित्र किल्ली हातात धरून उभा राहिला. एक रात्र. उद्या पहिला तास बदलून घेता आला असता. एका रात्रीत त्याला दिसलं असतं सगळं, आणि दिसलं की मग न दिसल्यासारखं करता आलं नसतं. त्यानं खिशातून रुमाल काढला, आधी फूल उचलून तिच्या हातात दिलं, आणि चाक पुसलं. नीट पुसलं, शिवणीतलंही. आई बघत होती. ती चिडली नाही, रडली नाही. तिनं आपले हात पदराला पुसले आणि बाजूला सरकली. “पोचला का फोन कर,” ती म्हणाली. तो पाया पडला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला हळदीचा वास होता.

फोन तिचाच आला, बोरगाव मंजू मागे पडत असताना. त्यानं गाडीतल्या स्पीकरवर घेतला. “सौमित्र,” आई म्हणाली, “बाबाची हत्यारं दिसत नाहीत रे कपाटात. उद्या खंडेनवमी आहे.” आवाज स्वच्छ होता, ती शेजारी बसून बोलत असल्यासारखा. हत्यारं देऊन टाकली तेव्हा ती तिथंच होती, तिनंच त्या विद्यार्थ्याला चहा दिला होता. “तिथंच असतील आई,” तो म्हणाला. “नीट बघ.” “बरं, पाह्यतो,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. मग त्याला ती दिसायला लागली. पुढच्या खोलीतलं कपाट, मग आतलं, मग पलंगाखालच्या पेट्या, मग माळ्यावर चढायला स्टूल. ती शोधत राहील. संध्याकाळ होईल, भाडेकरू येतील आणि वर निघून जातील, आणि ती शोधतच राहील. त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं, आणि रडू आलं नाही. समोर दुभाजकात गाड्या वळवायची मोकळी जागा दिसली, अजून बरीच दूर. तिथून वळलं की थोड्याच वेळात पुन्हा त्या अंगणात पोचता आलं असतं. रस्ता रिकामा आणि सपाट होता. का कोण जाणे, त्यानं चाकावरचे हात उचलले आणि जरा वर, हवेत धरून ठेवले. ती जागा जवळ आली, शेजारून गेली आणि आरशात मागे पडली. गाडी सरळ चालली होती.